ओल्या मूर्तींच्या आड

आमच्या गावात ग्राम सुरक्षा दल उभं राहिलं ते एका कंप्रेसरमुळे.

माझ्या चुलत दिराचा गणपतीचा कारखाना आहे. लांबलचक पत्र्याची शेड, आत फळ्यांवर ओळीनं वाळत ठेवलेल्या मूर्ती, एका कोपऱ्यात शाडूचा ढीग आणि दुसऱ्या टोकाला रंगकाम. रंग मारायची गन चालते कंप्रेसरवर. एका सकाळी दिरानं शेड उघडली तर मागचा पत्रा वाकवलेला आणि कंप्रेसर गायब. त्याच आठवड्यात खाडीकडच्या एका शेतातली पंपाची केबल कापून नेलेली सापडली आणि देवळाशेजारच्या घराच्या पडवीतून तांब्याचा बंब गेला. शेजारच्या जोहे गावापासून आमच्या गावापर्यंत सगळीकडे हाच विषय. जो तो आपापल्या कारखान्याच्या पत्र्याला तारा बांधायला लागला.

मी गावची पोलीस पाटील. जागा महिलांसाठी राखीव निघाली तेव्हा नवऱ्यानंच अर्ज आणून दिला होता. तो रोह्याला कंपनीत आहे, शिफ्टची नोकरी. म्हणाला, "तू दहावीला चांगली होतीस, दे परीक्षा." पेणला जाऊन परीक्षा दिली, प्रांतसाहेबांनी मुलाखत घेतली आणि नेमणुकीचा कागद हातात आला. चुलत सासूनं पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "आता तुला बघून चोर पळतील व्हय गो?" सगळे हसले, मीही हसले. पाटीलकी मिळाली तरी माझं आखणीचं काम सुटलं नाही. दिराच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे मी आखते, लग्न होऊन आले तेव्हापासून. चोरीच्या दिवशी सकाळी मी तिथंच पोचले होते, डबा हातात घेऊन.

दीर शेडच्या मागे उकिडवा बसला होता. वाकवलेल्या पत्र्याकडे बघत होता. नवीन माल रंगवायला घ्यायचा होता आणि गनच चालणार नव्हती. मी म्हटलं, "चल, पेणला जाऊन तक्रार देऊ."

"तक्रार देऊन काय व्हणार, वहिनी? माझ्या हातात सापडला पायजे तो. मग बघ."

तक्रार दिली. पोलीस आले, फोटो काढून गेले. नंतर पोलीस ठाण्यातून एक महिला हवालदार गावात बैठक घ्यायला आल्या. देवळाच्या सभामंडपात बसलो सगळे. बाई बोलायला स्पष्ट. दल कसं करायचं, पाळ्या कशा लावायच्या, अनोळखी गाडी दिसली तर नंबर कसा लिहून घ्यायचा, तातडीचा फोन कुणी करायचा, हे त्यांनी समजावून सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "बघायचं, कळवायचं. पकडायचं काम आमचं. कुणाच्याही अंगाला हात लावायचा नाही."

मागे बसलेल्या पोरांमध्ये खसखस पिकली. त्यांना काठ्या हव्या होत्या. माझा दीर सगळ्यांत पुढे. मी उठून सांगितलं, "काठ्या मिळणार नाहीत. शिट्ट्या मिळतील." त्यावरून बराच वाद झाला. दलात चार बायकाही घ्यायच्या असं मी म्हटलं तेव्हा तर आणखी. एसटीच्या थांब्यासमोर किराणा दुकान चालवणारे एक चाचा आहेत. उमेदीची वर्षं आखातात काढून आता गावात स्थिरावलेले. ते शांतपणे म्हणाले, "शिट्टी लांब जाते. काठी हातभरच जाते. पाटलीण बरोबर बोलते." आणि दुकानातल्या बॅटऱ्या दलासाठी देऊन टाकल्या. त्यांच्या शब्दाला गावात मान. शिट्ट्यांवर ठरलं.

पाळ्या सुरू झाल्या. पोरं जागली, पुढची चोरी झाली नाही, गावाला बरं वाटलं. दलाचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप केला. त्यात आधी गाड्यांचे नंबर यायचे, मग सुप्रभात यायला लागलं, आणि मग एके दिवशी तो आवाज आला.

कुणा बाईचा रडवा आवाज होता. पेण, वडखळ, नागोठणे या भागात मुलं पळवणारी टोळी उतरली आहे, त्यात बाया आहेत, म्हातारे आहेत, पोरांना गोळ्या देऊन गुंगवतात, सगळीकडे पाठवा. मागोमाग एक फोटो. कुठला, कधीचा, काही पत्ता नाही. मी लगेच हवालदारबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "खोटं आहे. असा एकही प्रकार आपल्या हद्दीत झालेला नाही. ग्रुपवर टाका आणि तोंडीही सांगा. लोक वाचत नाहीत."

त्यांचं खरं होतं. मी ग्रुपवर लिहिलं, त्याच्या खाली कुणीतरी तोच आवाज पुन्हा टाकला. मग मी घराघरांत गेले. नळावर बायकांशी बोलले. कारखान्यांत जाऊन माती मळणाऱ्यांना सांगितलं, थांब्यावर सांगितलं. सगळे माना डोलवायचे आणि शेवटी म्हणायचे, "तरीपण खबरदारी घेतलेली बरी, नाय का?" अंगणवाडीत पोरं येईनाशी झाली. परगावचा कुल्फीवाला आला तर त्याला वेशीवरूनच परत पाठवलं. मला हे दिसत होतं आणि मला ते आवडत नव्हतं. चोर शोधायला उभं केलेलं दल आता प्रत्येक परक्या चेहऱ्याकडे बघून शिट्टी तोंडाशी नेत होतं.

उन्हाळ्याचे दिवस होते. दुपारी जेवण आटोपून मी कारखान्यात डोळे आखायला बसले होते. या कामाला हात स्थिर लागतो, म्हणून मी फोन लांब ठेवते. चुलत सासूनं तो आणून दिला. "चाचांचा हाय. दोनदा वाजला."

"पाटलीण, लवकर ये थांब्यावर," चाचा म्हणाले. "पोरांनी एका बाईला धरलंय. बरोबर म्हातारा हाय, लहान पोर हाय. मी एकटा पुरणार नाय."

त्यांच्या मागे आरडाओरडा ऐकू येत होता. मी ब्रश तसाच टाकला. जाता जाता तातडीच्या नंबरला फोन लावला, गाव सांगितलं, थांबा सांगितला, काय चाललंय ते सांगितलं. मग हवालदारबाईंना लावला. त्या म्हणाल्या, "निघते. पण हायवेला गाड्या अडकल्यात, वेळ लागेल. तोवर त्यांना कुठंतरी आत घ्या."

थांबा कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर. मी पळतच गेले. चाचांच्या दुकानासमोर घोळका जमला होता. मधे एक बाई, हातभर चुडा घातलेली, डोईवर पदर, कडेवर चारेक वर्षांची मुलगी. मुलगी जिवाच्या आकांतानं रडत होती. बाईच्या पायाशी फाटलेली पिशवी, तिच्यातून कपडे आणि एक पातेलं बाहेर सांडलेलं. शेजारी एक म्हातारा. त्याचा सदरा खांद्यापासून उसवला होता आणि त्याचा चष्मा रस्त्यावर तुकडे होऊन पडला होता. चाचा त्याच्यापुढे दोन्ही हात पसरून उभे होते आणि त्यांनाही धक्के बसत होते. माझ्या दिराच्या हातात म्हाताऱ्याची कॉलर होती.

"सोड," मी म्हटलं.

"वहिनी, तू मदी पडू नको. यांच्याकडे गोळ्या सापडल्या. आणि पोरगी हिची नाय. पोरगी हिला काकी म्हणते. आपल्या आईला कुठलं पोर काकी म्हणंल? विचार तूच."

गोळ्या म्हणजे औषधाची पाकिटं होती, तापाची. मी ती उचलली. बाईकडे वळले. तिचा चेहरा भीतीनं पांढरा पडला होता, पण मुलीभोवतीचा हात तिनं जराही सैल केला नव्हता.

"कुठून आलात, बाई?"

"लई लांबून आलो, मराठवाड्यातून," ती म्हणाली. "माझा मालक इथं गणपतीच्या कारखान्यात कामाला लागलाय. जोहे म्हनून गाव. कंडक्टर म्हनला उतरा, उतरलो. हे माझे सासरे हायेत. लेकराचा कान ठणकतोय सकाळपासून, म्हनून रडतंय. माझंच लेकरू हाय ओ ते. घरात थोरल्या जावंची पोरं मला काकी म्हनत्यात, त्यांचं ऐकून हीबी म्हनती."

माझं माहेर निडीचं. आमच्या घरात सगळे काका आईला वहिनी म्हणायचे, म्हणून आम्ही सगळी भावंडंही तिला वहिनीच म्हणायचो. शाळेत बाईंनी विचारलं, तुझी आई कुठाय, तर मी गप्प उभी राहायचे, कारण मला कळायचंच नाही कुणाबद्दल विचारतायत. त्या बाईचं बोलणं मला तिथल्या तिथे पटलं.

पण ते मोठ्यानं सांगून उपयोग नव्हता. घोळका वाढत होता. शेजारच्या वाडीतले लोक मोटारसायकलींवरून येत होते. कुणीतरी फोन वर धरून सगळं टिपत होतं आणि ग्रुपवर लिहीत होतं, टोळी सापडली. मागून एकानं दगड उचललेला मला दिसला. मी ठरवलं की खरं-खोटं करत बसायचं नाही. ते पोलीस करतील. ही माणसं इथून हलवायची, एवढंच.

"ठीक आहे," मी मोठ्यानं म्हटलं. "टोळी आहे ना? मग पळून जायला नको. पोलीस निघालेत. तोवर यांना कारखान्यात बंद करते. चाचा, चला."

बंद करते हा शब्द ऐकून पुढचे जरा मागे सरले. मी बाईचा दंड धरला आणि कानाशी म्हटलं, "माझ्याबरोबर चला. काही बोलू नका." चाचांनी म्हाताऱ्याला आधार दिला. दलातल्या दोघी बायका धावत आल्या होत्या, त्यांना मी मागून चालायला सांगितलं. दीर शेजारून चालत होता, अजून म्हाताऱ्याच्या बाहीला धरून. सगळा घोळका आमच्या मागे. ती पोर रडत होती आणि मी फक्त समोरच्या शेडकडे बघत चालले होते. एकदा पाठीवर मातीचं ढेकूळ येऊन आपटलं. मी मागे वळले नाही. वळून बघितलं असतं तर थांबावं लागलं असतं, आणि थांबलो असतो तर पुन्हा निघता आलं नसतं.

शेडच्या दारात पोचल्यावर मी दिराचा हात म्हाताऱ्याच्या बाहीवरून सोडवला. तिघांना आत ढकललं. चाचाही आत गेले. पण दार कसलं? शेडला पुढून दार नाहीच. दिवसा तिथं नुसतं उघडं असतं, रात्री पत्र्याचे दोन पल्ले ओढून साखळी लावतात. एक पल्ला पत्रा बदलायला म्हणून कालच काढलेला होता. कुलूप कुठं लावणार? पोरं आत शिरणार हे मला दिसत होतं.

समोर, त्याच दिवशी साच्यातून काढलेल्या शाडूच्या मूर्ती फळ्यांवर ठेवलेल्या होत्या. ओल्या, कच्च्या. शाडूची ओली मूर्ती अशी असते की तिला नख लागलं तरी खूण उमटते, धक्का लागला तर सोंड वाकडी होते. ती पुन्हा माती होते, दुसरं काही नाही. हे आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

मी चुलत सासूकडे बघितलं. "काकी, या फळ्या दारात मांडू या का?"

तिनं बाहेरची गर्दी बघितली, आत कोपऱ्यात पोरीला कवटाळून बसलेली बाई बघितली. "धर तिकडून," म्हणाली.

मी, ती आणि दलातल्या दोघी, आम्ही फळ्या उचलून दारात आडव्या मांडल्या. एकीपुढे एक. आधी मोठ्या मूर्ती, त्यांच्या पुढे हातभर उंचीच्या. दार ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत भरून गेलं. मग चुलत सासूनं आपला मातीत बसायचा पाट आणला आणि त्या मूर्तींच्या मागे ठाण मांडून बसली.

घोळका दारात येऊन अडला. पुढचे थांबले म्हणून मागचे ओरडायला लागले. वाडीतून आलेला एकजण म्हणाला, "काढा त्या फळ्या, बघता काय?" आमच्या गावातला एकही हात पुढे झाला नाही. यातल्या निम्म्यांनी सकाळी त्याच किंवा शेजारच्या कारखान्यात साच्यांत माती दाबली होती.

दीर मात्र पुढे आला. कारखाना त्याचा, मूर्ती त्याच्या. तो हलवू शकला असता. "आई, बाजूला हो," तो म्हणाला.

"नाय व्हणार."

"आई, ते चोर हायेत. आपला कंप्रेसर यांच्यासारख्यांनीच नेला."

"कंप्रेसर गेला तर दुसरा आणशील. ती म्हातारी हाडं मोडलीस तर कुठून आणणार हायेस?" ती बसल्या जागेवरून हलली नाही. "यायचंय ना तुला? ये. माझ्या गणपतींवरनं पाय देऊन ये."

तो तिथंच उभा राहिला. मला त्याची दया आली आणि रागही आला. मी मूर्तींच्या अलीकडून त्याला म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "उद्या पोलिसांनी सांगितलं की हे खरेच चोर आहेत, तरी आज यांना कुणी हात लावणार नाही. ज्यांनी लावला त्यांची नावं मी देणार आहे. मी इथं उभी आहे, मला सगळ्यांचे चेहरे दिसतायत."

त्यावर काहीजण मला शिव्या द्यायला लागले. देऊ देत म्हटलं. शिव्या देणारा माणूस निदान दगड मारत नव्हता. मी फोनवर व्हिडिओ काढणाऱ्याकडे बोट केलं. "तू काढत राहा. कोण काय करतंय ते नीट दिसू दे." त्यानं पटकन फोन खिशात घातला.

मग नुसतं थांबायचं होतं. बाहेर ऊन, आत पत्र्याखाली भाजून निघालेली शेड. चाचांनी म्हाताऱ्याला पाणी दिलं. दलातल्या एकीनं मुलीच्या कानाला ऊबदार फडकं धरलं तशी ती हळूहळू मुसमुसत शांत झाली. म्हातारा सारखं एकच म्हणत होता, "आमी काय केलं ओ? रस्ता तर इचारला." त्याला चष्म्याशिवाय आमचे चेहरेही धड दिसत नव्हते. कोण आपलं, कोण मारायला आलेलं, हे त्याला आवाजावरून ओळखावं लागत होतं. मी त्या बाईकडून नवऱ्याच्या कारखान्याची माहिती घेतली आणि जोह्याला ओळखीच्या एका कारखानदाराला फोन केला. तो म्हणाला, "व्हय, हाय की माझ्याकडंच. बायको येणार म्हणून सकाळपासून चारदा थांब्यावर जाऊन आलाय तो." हे मी बाहेर सांगितलं. काहीजण हळूच पांगले. बरेच थांबले. इतका वेळ ज्या गोष्टीवर विश्वास ठेवला ती एका फोननं सोडून देणं त्यांना जड जात होतं.

पोलिसांची गाडी आली तेव्हा उरलेले रस्त्याच्या कडेनं नाहीसे झाले. हवालदारबाई दारात आल्या, मूर्तींकडे बघितलं आणि विचारलं, "आत कसं यायचं?" चुलत सासूनं स्वतः उठून एक फळी सरकवली.

चौकशी व्हायला फार वेळ लागला नाही. आधार कार्डं होती, नवरा मोटारसायकलवरून धापा टाकत आला, मुलगी त्याला बघून "पप्पा" म्हणून ओरडली. मला वाटलं होतं, आता ही बाई नवऱ्याबरोबर निघून जाईल. परका मुलुख, काल कामाला लागलेला नवरा, ती कशाला भानगडीत पडेल? हवालदारबाईंनी विचारलं, "तक्रार द्यायची आहे का?" नवरा म्हणाला, "जाऊ द्या, मॅडम. आमाला इथंच राहायचंय."

ती उठून उभी राहिली. "राहायचंय म्हनूनच देयाची," ती म्हणाली. "माझ्या सासऱ्याला मारलं. काय चूक व्हती त्यांची? मी देणार."

आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तुमी नावं सांगता म्हनला व्हता. सांगाल का?"

मी पेणला त्यांच्याबरोबर गेले आणि नावं सांगितली. कॉलर धरणारा, चष्मा फोडणारा, पिशवी फाडणारा, वाडीतले दोघे ज्यांना मी ओळखत होते. कॉलर धरणारा माझा दीर होता. त्याचंही नाव सांगितलं.

त्यानंतरचे दिवस सोपे नव्हते. गावात कुणी माझ्याशी सरळ बोलेना. पाटलिणीनं गावच्याच पोरांना अडकवलं, असं नळावर मला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं बोललं जायचं. पोरांच्या आया घरी आल्या. कंपनीत लागायचं तर पोलिसांचा दाखला लागतो, आता आमच्या मुलांनी काय करायचं, म्हणून रडल्या. त्यांचं रडणं खोटं नव्हतं. मी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, नावं मागे घेणार नाही. सासऱ्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. नवरा शिफ्टवरून आला की दोन्हीकडच्या बोलण्यात भरडला जायचा. एकदा तो म्हणाला, "मी रोह्याला असताना तुला काय झालं असतं म्हणजे?" त्यानं नावांबद्दल कधीच काही म्हटलं नाही. तेवढा आधार मला पुरला.

दिराच्या कारखान्यात जाणं मी थांबवलं नाही. रोज सकाळी जायचे, माझ्या जागेवर बसायचे, डोळे आखायचे. तो माझ्यासमोरून जायचा आणि बोलायचा नाही. चुलत सासू आम्हा दोघांना एकाच किटलीतला चहा ओतायची.

मी गप्प बसले असते तर दल मोडलं असतं आणि अफवा तशीच राहिली असती. म्हणून पुन्हा बैठक लावली. पहिल्या बैठकीला दलातल्या बायका, चाचा आणि दोन म्हातारे एवढेच आले. दुसरीला थोडे जास्त. ग्रुपवर काय टाकायचं हे आता चाचा आणि मी बघणार, पोलिसांना विचारल्याशिवाय काही पुढे जाणार नाही, असं ठरवलं. परका माणूस दिसला तर त्याला आधी बसायला सांगायचं, पाणी द्यायचं आणि मग मला कळवायचं. थांब्यावर चाचांच्या दुकानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात आसपासच्या गावांची नावं रंगवली, बाणांसकट, म्हणजे उतरलेल्या माणसाला कळेल आपण कुठं आहोत. ती अक्षरं मीच काढली. हे काम चाललेलं असताना एकदा दीर तिथून गेला, थांबला. म्हणाला, "जोह्याचा बाण चुकलाय, वहिनी. जरा उजवीकडं पायजे." कित्येक आठवड्यांनी माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. मी बाण पुसला आणि पुन्हा काढला.

केस अजून पेणच्या कोर्टात आहे. तारखा पडतात. ती बाई प्रत्येक तारखेला येते, सासऱ्यांना घेऊन. त्यांना आता नवा चष्मा आहे. कोर्टाच्या आवारात आम्ही शेजारी बसतो. मी एकदा तिला म्हटलं, एक दिवस आमच्या घरी या. ती म्हणाली, "तुमच्या घरी येईन, पण तुमच्या गावात पाय ठेवू वाटत नाय." तिनं अजून ठेवलेला नाही. मीही पुन्हा म्हटलं नाही. कंप्रेसर नेणारे सापडले नाहीत. दिरानं दुसरा घेतला.

गेल्या वर्षी रोह्याला आसपासच्या गावांच्या पोलीस पाटलांची आणि सुरक्षा दलांची एक बैठक झाली. हवालदारबाईंनी मला तिथं बोलायला सांगितलं. मला भाषण येत नाही. घडलं तसं सांगितलं. एका गावचे पाटील उठून म्हणाले, "तुमचं नशीब चांगलं, ते निर्दोष निघाले. खरेच चोर असते तर गावानं काय म्हटलं असतं?"

"तरी मी हेच केलं असतं," मी म्हटलं. "त्यांना आत घेतलं असतं आणि पोलिसांची वाट बघितली असती."

ते काही पटल्यासारखे दिसले नाहीत. चहाच्या वेळी पुन्हा माझ्याशी वाद घालायला आले. मीही घातला. अर्ध्यातच फोन वाजला. दिराचा होता. मी कप ठेवून बाजूला गेले.

"वहिनी, थांब्यावर एक म्हातारी बसलीये. कुठून आली सांगता येत नाय तिला. हातात एक लहान पोराचा फ्रॉक हाय आणि सारखी पोरगी, पोरगी म्हणते. लोक जमायला लागलेत."

"कुणी काही बोलू नका तिला," मी म्हटलं. "तिला उठवू नको. फोन—"

"पोलिसांना केलाय. चाचांनी खुर्ची दिलीये. तू ये सावकाश."

मी सावकाश कुठली येतेय? नवरा शिफ्टवर होता, तेव्हा रोह्याहून मिळाली ती एसटी पकडली. निडीचा फाटा गेला, नागोठणं गेलं, वडखळला गाडी रखडली. वाटभर माझ्या डोळ्यांसमोर तो उसवलेला सदरा. दिराला पुन्हा फोन लावला तर तो उचलेना. पेणला उतरून रिक्षा केली आणि रिक्षावाल्याला एवढं घाई कर, घाई कर म्हटलं की तो चिडला.

थांब्यावर गर्दी नव्हती. चाचा दुकानात तराजू पुसत होते. "घरी नेलीये तिला," म्हणाले.

चुलत सासूच्या ओटीवर ती म्हातारी मांडी घालून बसली होती आणि भाकरी कुस्करून आमटीत कालवत होती. फ्रॉक मांडीवर नीट घडी करून ठेवलेला. दीर समोर भिंतीला टेकून बसला होता. पोलीस येऊन तिचा फोटो घेऊन गेले होते, आणि पेणच्या रामवाडीतून तिचा मुलगा निघाला होता, सकाळपासून तिला शोधत फिरणारा. नातीसाठी फ्रॉक घ्यायला म्हणून ती घरातून निघाली आणि भलत्याच गाडीत बसली.

"फोन का नाही उचललास?" मी दिराला विचारलं.

"हात खरकटे होते. तिला भरवत होतो. आधी खाईना ती." तो उठला आणि मला पाणी आणायला आत गेला.